दीर्घ आजार असलेल्या मुलांचं हृदय आणि रक्तवाहिन्या : पालकांचे नेहमीचे प्रश्न

मुलाला मधुमेह किंवा किडनीचा आजार असला, किंवा कॅन्सरचे उपचार नुकतेच संपले असले, की घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात त्या एकाच आजाराचा हिशेब चालू असतो. इन्सुलिनची मात्रा, लघवीतलं प्रोटीन, पुढच्या तपासणीची तारीख. त्यात कुणी हृदयाचा विषय काढला की "आता हे आणखी काय?" असं वाटणं साहजिक आहे. हे पान त्या "आणखी काय"साठी आहे. आपल्या मुलाच्या आजारापुरतं वाचलंत तरी चालेल, फक्त बीपीबद्दलचा प्रश्न सगळ्यांनी वाचावा.

हृदयविकार हा पन्नाशीतला आजार. लहान मुलाच्या बाबतीत त्याची चर्चा कशाला?

झटका पन्नाशीत येतो, पण रक्तवाहिनीतला बिघाड त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. सरासरी वय २२. धडधाकट म्हणून लढाईवर पाठवलेली ही पोरं, तरी दर चौघांतल्या तिघांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या खुणा सापडल्या. पुढे अमेरिकेतल्याच बोगालुसा या गावात १९७३ पासून मुलांचं वजन, बीपी, कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं मोजलं गेलं. त्यांतले काही जण अपघातात वगैरे तरुणपणीच गेले. त्यांच्या रक्तवाहिन्या तपासल्यावर असं दिसलं की ज्यांचे हे आकडे आधीपासून बिघडलेले होते, त्यांच्या वाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर चरबीचे पट्टेही जास्त होते.

निरोगी मुलात हे सगळं इतकं संथ चालतं की बालपणी त्याची दखल घेण्याचं कारण पडत नाही. काही दीर्घ आजार मात्र हा वेग वाढवतात. "लवकर येणारा धोका" म्हणतात तो हा. तुमच्या मुलाला उद्या झटका येईल असा त्याचा अर्थ नाही. एरवी साठीत दिसणारा त्रास तिशी-चाळिशीत दिसू शकतो, आणि तो लांबवण्यासाठी हाताशी असलेली वर्षं आत्ताची आहेत.

आजार किडनीचा किंवा साखरेचा. रक्तवाहिन्यांचा त्यात काय संबंध?

रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एकच पातळ थर असतो. पाण्याच्या पाइपाला आतून रंग दिलेला असतो तसा तो नुसता लेप नव्हे. हा थर स्वतः नायट्रिक ऑक्साइड नावाचं द्रव्य तयार करतो, त्यामुळे वाहिनी गरजेप्रमाणे सैल होते, रक्त चिकटत नाही, भिंतीला सूज येत नाही. हा थर आजारी पडला की पुढचं सगळं सुरू होतं.

प्रत्येक आजार त्याला वेगळ्या वाटेने गाठतो. मधुमेहात जास्तीची साखर त्या पेशींना इजा करते. संधिवात, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा आजार), आतड्याची दीर्घ सूज यांत शरीरभर धुमसणारा दाह तिथेही पोचतो. किडनी नीट चालत नसेल तर बीपी वाढतं, रक्तातलं फॉस्फरस साठत जातं आणि वाहिनीची भिंत चुना धरल्यासारखी कडक होऊ लागते. छातीवर दिलेल्या रेडिएशनच्या वाटेत हृदयाच्या वाहिन्या येतात. कावासाकी या लहान मुलांच्या तापाच्या आजारात तर भिंतीवरच थेट हल्ला होतो. शिवाय औषधांची भर असते. स्टेरॉइडने वजन, साखर, बीपी तिन्ही वाढू शकतात. अवयव प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही औषधंही बीपी वाढवतात.

कोणत्या आजारात धोका किती?

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००६ मध्ये याची वर्गवारी केली आणि २०१९ मध्ये ती सुधारली. वरच्या पायरीवर टाइप १ आणि टाइप २ मधुमेह, शेवटच्या टप्प्यातला किडनीचा आजार, दोन्ही पालकांकडून आलेला आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा आजार, कावासाकीनंतर हृदयाच्या वाहिन्यांवर टिकून राहिलेले फुगवटे आणि कॅन्सरसाठी मूलपेशींचं (स्टेम सेलचं) प्रत्यारोपण झालेली मुलं आहेत. मधल्या पायरीवर डायलिसिसपर्यंत न पोचलेला किडनीचा आजार, एकाच पालकाकडून आलेला कोलेस्टेरॉलचा आजार, पक्कं ठरलेलं उच्च बीपी, तीव्र स्थूलता, महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) जन्मतः अरुंद असणं आणि छातीवर रेडिएशन घेतलेली मुलं. संधिवात, ल्युपस, आतड्याचा दाह, एचआयव्ही, पूर्ववत झालेले कावासाकीचे फुगवटे हे तिसऱ्या पायरीवर.

पायरी कायमची नसते. तिसऱ्या पायरीवरच्या मुलाचं बीपी वाढलेलं आहे, वजन वाढलंय, घरात कुणी सिगारेट ओढतं, असं सगळं जमून आलं तर ते मूल वर सरकतं. माझ्या मते पालकांनी पायरीपेक्षा या जोडीच्या गोष्टींकडे जास्त पाहावं, कारण हातात त्याच असतात.

काही लक्षणं दिसतील का?

बहुतेक वेळा काहीच नाही. म्हणूनच आकडे मोजावे लागतात. धावताना छातीत दुखणं, खेळता खेळता चक्कर येऊन पडणं, पूर्वी जमणाऱ्या श्रमाने आता धाप लागणं, पायांवर सूज, जोरदार डोकेदुखीबरोबर धूसर दिसणं यांपैकी काही झालं तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, लगेच दाखवा. अचानक तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर थेट तातडीच्या विभागात.

टाइप १ मधुमेह आहे. साखर सांभाळतोच आहोत, आणखी काय करायचं?

साखर सांभाळणं हेच हृदयाचंही सगळ्यात मोठं काम आहे, आणि याला भक्कम पुरावा आहे. १९८३ ते १९९३ या काळात १३ ते ३९ वयाच्या १४४१ जणांवर एक मोठा अभ्यास झाला. एका गटाने साखर काटेकोर ठेवली, सरासरी एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची साखर दाखवणारी रक्ततपासणी) सुमारे ७. दुसऱ्याने त्या वेळच्या रीतीप्रमाणे, सुमारे ९. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर हळूहळू सारखीच झाली, ८ च्या आसपास. तरीही पुढची अनेक वर्षं हिशेब ठेवला तेव्हा, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या गटात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी होत्या. काटेकोरपणाची ती सरासरी साडेसहा वर्षं रक्तवाहिन्यांनी जणू लक्षात ठेवली.

याची दुसरी बाजूही खरी आहे, आणि ती वयात येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना रात्री जागवते. १४-१५ व्या वर्षी मुलं इन्सुलिन चुकवतात, आकडा ९-१० वर जातो. त्या वर्षांचीही नोंद होते. पण एका तिमाहीच्या वाईट आकड्यावरून घरात महाभारत करू नका. पुढची तिमाही सुधारली तर तीही नोंदली जाते.

साखरेशिवाय तीन गोष्टी. बीपी, वर्षातून निदान एकदा आणि खरं तर प्रत्येक भेटीत. वयाच्या अकराव्या वर्षापासून कोलेस्टेरॉलची तपासणी. सगळं ठीक असेल तर दर तीन वर्षांनी पुरते. आणि वयात आल्यावर किंवा अकराव्या वर्षापासून, आजाराला काही वर्षं झाली असतील तर, दरवर्षी लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रोटीनची तपासणी. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १०० च्या खाली असावं, १३० च्या वर चिकटून राहिलं तर औषधाचा विचार होतो. एक सूचना: निदान झाल्या झाल्या, साखर भरमसाट असताना लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, काढलं तर ते बिघडलेलंच येतं. साखर ताब्यात आल्यावर पुन्हा काढा, मगच त्यावर बोला.

मुलाचा मधुमेह टाइप २ आहे. हा सौम्य असतो ना?

नाही. हा गैरसमज मोठ्यांच्या अनुभवावरून आला आहे. किशोरवयात सुरू झालेला टाइप २ मोठ्या माणसांच्या टाइप २ पेक्षा वेगाने पुढे जातो. अमेरिकेतल्या अशा मुलांच्या दीर्घ पाठपुराव्यात, सरासरी वय २६ होईपर्यंत, दहांतल्या सहांना डोळे, किडनी किंवा नसांची निदान एक गुंतागुंत झालेली होती. त्यामुळे इथे अकराव्या वर्षाची वाट पाहत नाहीत. बीपी आणि लघवीतलं अल्ब्युमिन निदानाच्या वेळीच, आणि साखर आटोक्यात येताच कोलेस्टेरॉलही.

किडनीच्या आजारात हृदयावर इतका भर का देतात?

कारण डायलिसिसवरच्या मुलांच्या मृत्यूंमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार हे प्रमुख कारणांपैकी एक आहे. कटू आहे, पण हे पालकांपासून लपवून कुणाचंच भलं होत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात डायलिसिसवरच्या २० ते ३० वयाच्या १६ जणांपैकी १४ जणांच्या हृदयाच्या वाहिन्यांत चुना साचलेला दिसला. २० वर्षांखालच्या २३ जणांत मात्र एकालाही नव्हता. भीतीदायक आकड्याला चिकटलेला हा दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या वयाच्या आतली वर्षं वापरता येतात.

कशी वापरायची? सगळ्यात आधी बीपी. युरोपात किडनीचा आजार असलेल्या ३८५ मुलांवर एक अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना रॅमिप्रिल हे औषध दिलं होतं. ज्यांचं २४ तासांचं सरासरी बीपी त्यांच्या वयाच्या मुलांच्या मध्यापेक्षाही खाली ठेवलं, त्यांच्यात पाच वर्षांत किडनी खालावण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं. ज्यांचं बीपी नेहमीच्या "नॉर्मल" मर्यादेत ठेवलं, त्यांच्यात सुमारे ४२. म्हणजे या मुलांसाठी "नॉर्मल आहे" एवढं पुरेसं नाही. अंगावर यंत्र बांधून दिवसरात्र बीपी मोजण्याची तपासणी डॉक्टर सुचवतात ती याच कारणाने. झोपेत बीपी उतरायला हवं, ते उतरत नसेल तर दवाखान्यातल्या दोन मिनिटांत कळत नाही.

दुसरं फॉस्फरस. कारखान्यात तयार झालेल्या, टिकवण्यासाठी फॉस्फेट घातलेल्या पाकीटबंद पदार्थांतलं फॉस्फरस नैसर्गिक अन्नातल्यापेक्षा जास्त शोषलं जातं. फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात. दोन तासांनी आठवण झाल्यावर घेतलेली गोळी जवळजवळ वाया. तिसरं मीठ, आणि डायलिसिसवर असाल तर दोन फेऱ्यांमध्ये साठणारं पाणी. त्या पाण्याचा भार थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यावर येतो आणि त्याचा स्नायू जाड होत जातो. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, तेच पाहतात. किडनी बदलल्यावर बरंच काही सुधारतं, पण बीपीची गोळी बहुतेकांची सुटत नाही.

नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये कोलेस्टेरॉल ४०० आलं. औषध सुरू करायचं का?

नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणजे किडनीतून प्रोटीन गळण्याचा आजार. तो उसळलेला असताना हा आकडा असाच येतो. प्रोटीन लघवीतून जातं, ती तूट भरून काढण्याच्या नादात यकृत कोलेस्टेरॉलचे कणही जास्त बनवतं. स्टेरॉइड लागू पडून लघवी साफ झाली की काही आठवड्यांत तेही उतरतं. त्यामुळे सहसा थांबतात. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या, महिनोन् महिने प्रोटीन जात राहणाऱ्या मुलांचं वेगळं, त्यांच्याबाबत किडनीच्या डॉक्टरांशी बोला.

कावासाकी होऊन गेला. आता मूल ठणठणीत आहे. तरी इको कशाला?

जपानी डॉक्टर तोमिसाकू कावासाकी यांनी या आजाराचं वर्णन १९६७ मध्ये ५० मुलांवरून केलं. पाच-सहा दिवस न उतरणारा ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, पुरळ, मग बोटांची सालं निघणं. ताप आपोआपही जातो. पण उपचार न मिळालेल्या साधारण चारातल्या एका मुलाच्या हृदयाच्या वाहिन्यांवर फुगवटे येतात. पहिल्या १० दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं, प्रतिकिलो २ ग्रॅम, तर हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास येतं.

पुढचं सगळं त्या फुगवट्यावर अवलंबून आहे. सहा ते आठ आठवड्यांनंतरच्या इकोतही वाहिन्या पहिल्यापासून साफ असतील तर ॲस्पिरिन बंद होतं आणि मूल इतर मुलांसारखंच वाढवायचं. उगाच हृदयरोगी म्हणून जपत बसू नका. लहान फुगवटा असेल तर तो एक-दोन वर्षांत पुष्कळदा पूर्ववत होतो, मात्र तिथली भिंत अगदी पहिल्यासारखी होत नाही, म्हणून अधूनमधून तपासणी चालू राहते. ८ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा, म्हणजे राक्षसी फुगवटा असेल तर त्यात गुठळी होण्याचा धोका खरा आणि तातडीचा असतो. तिथे ॲस्पिरिनच्या जोडीला रक्त पातळ करणारं औषध लागतं, आणि हृदयतज्ज्ञाची साथ आयुष्यभराची.

दोन व्यवहारी गोष्टी घरी सोडताना सांगतात आणि त्या विसरल्या जातात. इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर गोवर आणि कांजिण्यांची लस साधारण ११ महिने पुढे ढकलतात, कारण ती नीट लागू पडत नाही. आणि ॲस्पिरिन चालू असलेल्या मुलाला फ्लू किंवा कांजिण्या झाल्या तर रे सिंड्रोम नावाचा गंभीर त्रास होऊ शकतो. म्हणून फ्लूची लस द्या, आणि अशा तापात लगेच फोन करा.

कॅन्सर बरा झाला, पाच वर्षं झाली. अजून हृदयाची तपासणी का सांगतात?

डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन या गटातली औषधं अनेक मुलांचा जीव वाचवतात आणि त्याच वेळी हृदयाच्या स्नायूतल्या काही पेशी कायमच्या मारतात. मूल वाढतं, हृदयावरचं काम वाढतं, उरलेल्या पेशींना ते पेलावं लागतं. कमकुवतपणा दिसायला दहा-वीस वर्षंही लागू शकतात. किती धोका, ते एकूण मिळालेल्या मात्रेवर ठरतं. शरीराच्या प्रति चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर दर दोन वर्षांनी इको, १०० ते २५० असेल तर साधारण दर पाच वर्षांनी. छातीवर रेडिएशन झालं असेल तर त्याचा हिशेब वेगळा धरतात, कारण ते स्नायूबरोबर वाहिन्या आणि झडपांनाही त्रास देतं.

हा आकडा तुमच्याकडे आहे का? बहुतेक पालकांकडे नसतो. रोगाचं नाव आठवतं, वॉर्डातल्या सिस्टरांची नावं आठवतात, मात्रा आठवत नाही. आणि आठवायची कशी? ती तर उपचारांच्या धबडग्यात कुणीतरी लिहीत होतं. म्हणून उपचार देणाऱ्या विभागाकडून एका पानाचा सारांश मागून घ्या: कोणतं औषध, एकूण किती, रेडिएशन कुठे आणि किती. वीस वर्षांनी एखाद्या नव्या डॉक्टरसमोर तुमची मुलगी बसेल, कदाचित गरोदर असेल, तेव्हा हे पान लागेल.

संधिवात किंवा ल्युपस असेल तर?

इथे दाह हाच गुन्हेगार आहे, आणि तो विझवणारं स्टेरॉइड हा त्याचा नाठाळ साथीदार. पालक स्टेरॉइडला घाबरून ते स्वतःच कमी करतात. तसं करू नका. उसळलेला ल्युपस रक्तवाहिन्यांचं स्टेरॉइडपेक्षा जास्त नुकसान करतो. दाह लवकर आटोक्यात आणून, दुसऱ्या औषधांच्या आधाराने स्टेरॉइडची मात्रा उतरवणं हा डॉक्टरांचाही बेत असतो.

१९९७ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपस असलेल्या स्त्रियांना हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या ५० पटींहून जास्त आढळली. आकडा वाचून दचकायला होतं. त्या वयात इतर स्त्रियांना झटका क्वचितच येतो, म्हणून पट इतकी मोठी दिसते. पण दुर्लक्ष करावं असा तो नाहीच. मग सगळ्या ल्युपसच्या मुलांना कोलेस्टेरॉलची गोळी द्यावी का? हेही करून पाहिलं आहे. २२१ मुलांना-तरुणांना तीन वर्षं ॲटोर्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध किंवा औषध नसलेली खोटी गोळी दिली. मानेतल्या वाहिनीच्या भिंतीच्या जाडीत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणून सरसकट देत नाहीत.

मूल सडपातळ आहे, खाण्यापिण्याचं सगळं नीट, तरी एलडीएल २२०. हे कसं?

हा बहुधा आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा आजार. साधारण २५० जणांत एकाला असतो, म्हणजे दुर्मिळ मुळीच नाही. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात, ते अर्धेच काम करतात. हे ग्राहक शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. पथ्याने आकडा थोडा उतरतो, पुरेसा नाही. त्यात मुलाचा दोष नाही आणि स्वयंपाक करणाऱ्याचा तर नाहीच, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा ठणकावून सांगावं लागतं.

या आजारात लवकर औषध घेण्याचा फायदा स्पष्ट दिसला आहे. नेदरलँड्समध्ये लहानपणी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सुरू केलेल्या मुलांचा २० वर्षं पाठपुरावा झाला. वयाच्या ३९ व्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी १ टक्क्याला हृदयाची घटना झाली. त्यांच्याच ज्या आई किंवा वडिलांना हा आजार होता, त्यांच्यात त्या वयापर्यंत २६ टक्के. जीन तोच, घर तेच, फरक औषधाच्या वेळेचा. भावंडांची आणि आईवडिलांची तपासणीही याच आजारात आवर्जून करायची.

सिकल सेल असलेल्या मुलाच्या डोक्याची सोनोग्राफी का करतात?

विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींमुळे मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्या आतून अरुंद होत जातात. अरुंद वाटेतून रक्त जोरात वाहतं, तो वेग डॉप्लर या सोनोग्राफीने मोजता येतो. २ ते १६ वयात दरवर्षी मोजतात. सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त आला तर पक्षाघाताचा धोका मोठा. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मुलांना नियमित रक्त दिल्यावर पक्षाघात ९२ टक्क्यांनी घटला. तपासणी दुखत नाही, पंधरा-वीस मिनिटांचं काम. ती चुकवू नका.

मुलाचं बीपी किती असावं, आणि ते नीट मोजलंय हे कसं ओळखायचं?

१३ वर्षं आणि पुढे मोठ्यांसारखाच हिशेब: १२०/८० च्या खाली ठीक, १३०/८० किंवा जास्त म्हणजे उच्च. त्याआधी एकच असा आकडा नाही. वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावरून तक्त्यात पाहावं लागतं. त्याच वयाच्या आणि उंचीच्या शंभरांतल्या ९५ मुलांपेक्षा जास्त आणि तेही तीन वेगळ्या भेटींत, तर उच्च बीपी. इथे एक खाचखळगा आहे. दीर्घ आजारात मुलांची उंची बरेचदा कमी राहते. उंची न धरता नुसत्या वयावरून पाहिलं तर वाढलेलं बीपीही चालण्यासारखं वाटतं.

मोजण्याच्या चुका तर सर्रास होतात. जिना चढून आलेलं, सुईच्या धास्तीने रडवेलं झालेलं मूल टेबलावर बसवायचं, पाय लोंबकळत, आणि मिळेल तो पट्टा गुंडाळायचा. मूल पाच मिनिटं शांत बसलेलं हवं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, उजवा दंड हृदयाच्या पातळीवर. पट्ट्यातल्या रबरी फुग्याने दंडाचा घेर निदान ८० टक्के वेढला पाहिजे. पट्टा लहान पडला तर बीपी खोटं जास्त येतं. स्थूल किशोराला मोठ्या माणसाचा पट्टा लागतो, प्रसंगी त्याहूनही मोठा. यंत्राने जास्त दाखवलं तर स्टेथोस्कोप लावून पुन्हा मोजायला सांगा. सांगायला संकोच वाटतो, मान्य आहे. तरी सांगा.

निरोगी मुलाचं बीपी तिसऱ्या वर्षापासून वर्षातून एकदा मोजतात. किडनीचा आजार, मधुमेह, स्थूलता किंवा बीपी वाढवणारी औषधं असतील तर प्रत्येक भेटीत.

मानेच्या रक्तवाहिनीची जाडी मोजून घ्यावी का?

संशोधनात उपयोगी, तुमच्या एकट्या मुलाच्या निर्णयात सहसा नाही. मुलांत फरक मिलिमीटरच्या शतांशात असतो आणि मोजणाऱ्याच्या हातावर बदलतो. कुणी पॅकेजमध्ये देत असेल तर "यातून उपचार काय बदलणार?" एवढं विचारा.

इतक्या लहान वयात स्टॅटिन? वाढीवर परिणाम होणार नाही?

हा प्रश्न प्रत्येक आईवडील विचारतात आणि विचारायलाच हवा. ८ ते १० वर्षांपासून पुढे ही औषधं दिली जातात आणि वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यात उंची, वयात येणं यांवर वाईट परिणाम दिसलेला नाही. सुरू करण्याआधी आणि नंतर यकृताची चाचणी करतात. अंग विनाकारण दुखू लागलं, लघवी गडद झाली तर कळवायचं. वयात आलेल्या मुलींशी एक गोष्ट डॉक्टरांनी मोकळेपणी बोलायची असते, आणि ती आईने थांबवू नये: गरोदरपणाची शक्यता असेल तर स्टॅटिन आणि बीपीसाठी दिली जाणारी रॅमिप्रिल-एनालाप्रिलसारखी औषधं यांबाबत आधी बोलणं आवश्यक आहे. रॅमिप्रिलच्या गटाची औषधं गर्भाला घातक ठरू शकतात.

खेळू द्यायचं का?

द्या. रोज तासभर अंग हलणं या मुलांना इतरांपेक्षा जास्त लागतं, आणि काळजीपोटी मिळतं मात्र कमी. अपवाद मोजके: रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर धक्काबुक्कीचे खेळ नकोत, बीपी खूप जास्त असेल, हृदयाचा स्नायू कमकुवत असेल किंवा मोठा फुगवटा असेल तर हृदयतज्ज्ञाला विचारून. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाच्या खिशात साखर हवी. शाळेत खेळाच्या तासाला बाकावर बसवत असतील तर डॉक्टरांकडून "काय चालेल" असं लिहून घ्या. चिठ्ठीत "काय चालणार नाही" एवढंच असलं की शाळा सगळंच बंद करते.

घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर?

बंद. गच्चीवर जाऊनही नाही. आणि बारा-तेराव्या वर्षी मुलाशी वेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, स्वतःहून बोला.

आमचे डॉक्टर या विषयावर काहीच बोलत नाहीत. आपण कसं विचारायचं?

मधुमेहाचे डॉक्टर साखर पाहतात, किडनीचे क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) पाहतात, कॅन्सरचे रोग परतला नाही ना ते पाहतात. घराजवळचे बालरोगतज्ज्ञ म्हणतात, मोठे डॉक्टर बघतायत. प्रत्येक जण आपलं काम चोख करतो आणि हृदयाचा भाग कुणाच्याच वाट्याला येत नाही. निष्काळजीपणापेक्षा ही वाटणीची गडबड आहे.

त्यामुळे फाइलच्या पहिल्या पानावर एक तक्ता स्वतः आखा. उंची, वजन, बीपी, एलडीएल, लघवीतलं अल्ब्युमिन, शेवटच्या इकोची तारीख. प्रत्येक भेटीनंतर जे मोजलं ते भरा. रिकामा रकाना दिसला की प्रश्न आपोआप सुचतो: "डॉक्टर, कोलेस्टेरॉल तीन वर्षांत झालं नाहीये, या खेपेच्या रक्तातच काढायचं का?" शिवाय एकदा स्पष्ट विचारून ठेवा की हे आकडे तुमच्यापैकी नक्की कोण पाहणार आहे. उत्तर मिळालं की ते नावही त्याच पानावर लिहा.

आजोबांपैकी किंवा काका-मामांपैकी कुणाला पंचावन्नच्या आत झटका आला असेल, आजी किंवा आत्या-मावशीला पासष्टच्या आत, तर तेही तिथे नोंदवा. हे कुणी विचारलं नाही तरी सांगा.

मुलाला हे कधी सांगायचं? अठरा झाल्यावर काय?

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला "ही गोळी तुझ्या रक्ताच्या नळ्या स्वच्छ ठेवते" एवढं पुरतं. बारा-तेराव्या वर्षी त्याचं बीपी त्यालाच वाचू द्या, तक्त्यात त्याच्याच अक्षरात लिहू द्या. पंधरानंतर तपासणीतला थोडा वेळ त्याला एकट्याला डॉक्टरांशी बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा, जड गेलं तरी. सिगारेट, दारू, चुकवलेल्या गोळ्या, मनाची उदासी या गोष्टी तुमच्यासमोर निघणार नाहीत, आणि उदासीचाही हृदयाशी संबंध आहे.

अठराव्या वर्षी बालविभाग सुटतो, आणि खूप मुलं त्या वळणावर तपासणीतून गळतात. कॉलेज, नवं शहर, बरं वाटतंय ही भावना. बदलाची तयारी दोनेक वर्षं आधी सुरू करा. कोणत्या डॉक्टरांकडे जायचं ते ठरवा, एक भेट दोघा डॉक्टरांच्या ओळखीने होऊ द्या. आणि फाइल तुमच्या कपाटात राहील, म्हणून त्या पहिल्या पानाचा आणि उपचारांच्या सारांशाचा फोटो त्याच्या फोनमध्ये आहे ना, एवढं निघायच्या आधी बघून घ्या.